सामरीच्या मुखवट्याला हसता, मग त्रिशूळापाशी गप्प का होता?



यंदाच्या वर्षावासात आमच्या नांदगाव खंडेश्वरात एक वाद झाला. वाद तसा लहान होता. पण त्यातून जे बाहेर आलं ते लहान नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन झालं, खीरदान झालं. पावसाने उघडीप दिली होती. अभ्यासवर्गातली आठ-दहा पोरं एकाच्या घराच्या स्लॅबवर जमली. कोणाच्या तरी भावाचा लहानसा प्रोजेक्टर होता, पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधली आणि रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' लावला. पोरं इतकी हसली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. दुसऱ्या दिवशी विहारातल्या एका ज्येष्ठ काकांनी सगळ्यांना उभं केलं. "सांजच्याले धम्म वाचता अन् राती भुतं पाह्यता? मंग वाचता कायले?" पोरांचं म्हणणं, "काका, आम्ही भेतो थोडी! आम्ही तं हासतो." काका म्हणाले, "हासता हासता तिकडंच जाते माणूस."

बैठकीत आम्ही गप्प बसलो. कारण काका चुकीचे होते असं म्हणवत नव्हतं, आणि पोरं बरोबर होती असंही म्हणवत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर त्या रात्री स्लॅबवर आम्हीही होतो, आणि सगळ्यात मोठ्याने आम्हीच हसलो होतो. आता जे त्या दिवशी बोललो नाही ते इथे बोलतो.

आधी या चित्रपटांविषयी. रामसे म्हणजे फाळणीनंतर मुंबईत आलेलं एक सिंधी कुटुंब, सात भाऊ. त्यांचा १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतो त्या प्रसंगाला लोक दाद देतात, हे या भावांनी हेरलं. मग पुढे सगळा धंदा त्या मुखवट्यावरच उभा केला. १९७२ ला 'दो गज़ ज़मीन के नीचे', १९७८ ला 'दरवाज़ा', १९८४ ला 'पुराना मंदिर', १९८८ ला 'वीराना', १९९० ला 'बंद दरवाज़ा'. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, दोघे दिग्दर्शनाला, असा घरच्या घरी कारभार. मोठा स्टार नाही, मोठा सेट नाही. धूर, वारा, करकरणारा दरवाजा आणि रबराचा चेहरा. १९९३ पासून हेच 'झी हॉरर शो' म्हणून घरोघरी टीव्हीवर आलं. आमच्या वयाच्या वऱ्हाडातल्या पोरांनी भूत पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. आधी आजीकडून ऐकलं होतं, पाहिलं मात्र तिथेच.

मोठ्या शहरांतल्या सिनेमागृहांत या चित्रपटांना फारसा मान नव्हता. ते चालले तालुक्याच्या टॉकीजमध्ये, यात्रेतल्या तंबूत, आणि पुढे भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. म्हणजे प्रेक्षक कोण? हमाल, शेतमजूर, रिक्षावाला, बारावी नापास पोरगा. आणि टीका काय झाली? हा 'पुढच्या रांगेचा' सिनेमा आहे. मग वीस-पंचवीस वर्षं गेली आणि मोठ्या शहरांतल्या शिकलेल्या पोरांना अचानक हे चित्रपट गोड वाटायला लागले. 'इतका वाईट की मस्त' असं म्हणत ते रात्री जमून पाहायला लागले. कांती शाहचा 'गुंडा', हरिनाम सिंगचा 'शैतानी ड्रॅक्युला' ही नावं त्यांच्यात मोठ्या प्रेमाने घेतली जातात. आमचं या मंडळींशी एक भांडण आहे. ते चित्रपटाला हसतात की चित्रपट पाहणाऱ्याला, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलेलं दिसत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्दियू यांनी १९७९ मध्ये अभिरुचीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. एम.ए.ला तो आमच्या मानगुटीवर बसला होता, तेव्हा भुताचा अनुभव आम्हाला आहेच. त्यातली गोष्ट सोपी आहे. 'हे चांगलं, हे वाईट' असं म्हणणारा माणूस वस्तूपेक्षा स्वतःचीच जागा जास्त सांगत असतो. आपल्या देशात ती जागा नुसत्या वर्गाची नसते, जातीची असते. ज्याचं घर, भाषा, शाळा, पोटभर जेवण सगळं शाबूत आहे त्याला वाईट गोष्टीची मजा घेणं परवडतं. तीच मजा आमच्या पोराने घेतली की ती 'अडाण्याची आवड' ठरते.

तेव्हा पुढच्या रांगेतला माणूस वेडा होता, त्याला रबर दिसत नव्हतं, असं कोणी सांगू नये. त्याला सगळं दिसत होतं. मग तो पैसे देऊन का जात होता?

'पुराना मंदिर'ची गोष्ट पहा. राजाने सामरी नावाच्या सैतानाला पकडून त्याचं मुंडकं उडवलं, आणि मरताना सामरीने शाप दिला की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी त्याच घराण्यातला ठाकूर शहरात बंगला बांधून राहतो आणि मुलीला प्रेम करू देत नाही. घाबरतो कोण? ठाकूर. थरथरते काय? हवेली. रामसेंच्या किती चित्रपटांत ज्याच्या मागे भूत लागतं तो झोपडीवाला असतो? जवळपास नाहीच. भूत वाड्याच्या मागे लागतं, जुन्या पापाचा हिशेब मागतं. दिवसभर कोणाच्या तरी वावरात राबून आलेला, मालकासमोर मान खाली घालणारा माणूस अंधारात बसून वाड्याचा मालक किंचाळताना पाहतो आणि शिट्टी वाजवतो. ही शिट्टी अंधश्रद्धेची नाही. हाँगकाँगमध्ये १९८५ ला 'मिस्टर व्हँपायर' नावाचा कँटोनीज चित्रपट आला. त्यात उड्या मारत येणारी प्रेतं जुन्या राजवटीच्या सरकारी अधिकाऱ्यांचे झगे घालून येतात, आणि कपाळावर पिवळा कागद चिकटवला की पुतळ्यासारखी थांबतात. तिथलाही प्रेक्षक पोट धरून हसला. ज्याच्यापुढे आज्याने कमरेत वाकून मुजरे केले त्याचं प्रेत बेडकासारखं उड्या मारताना पाहण्यात मजा असणारच.

इथपर्यंत आम्ही पोरांच्या बाजूने आहोत. आणखी एका मुद्द्यावर आहोत.

वाईट बनवलेलं भूत हे आपल्या कामाचं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं दाखवतात. नारळ आपोआप पेटतो, लोक हात जोडतात, मग कार्यकर्ता सांगतो की शेंडीत पोटॅशियम परमँगनेटचे दाणे होते आणि मी वरून टाकलं ते पाणी नव्हतं, ग्लिसरीन होतं. सभेत आधी शांतता, मग हशा. त्या हशात भीती मरते. रामसेंचा चित्रपट हे काम नकळत करतो. मुखवट्याची कड मानेवर दिसते. वटवाघळाची दोरी दिसते. कवटीत बल्ब दिसतो. रात्रीच्या प्रसंगात दिवसाची सावली दिसते. म्हणजे भूत आणि भूत बनवणारा माणूस दोघे एकाच वेळी पडद्यावर दिसतात. मेकअपवाला, धूर सोडणारा, मागून दोरी ओढणारा, सगळे दिसतात. बुवाच्या मठात हीच मंडळी पडद्यामागे असतात.

उलट जो चित्रपट उत्तम बनतो तो दोरी लपवतो. २०२४ मध्ये कोकणातल्या लोककथेवरचा 'मुंज्या' शंभर कोटींच्या वर गेला. संगणकावर बनवलेलं भूत, कड नाही, शिवण नाही. आम्हालाही तो आवडला, खोटं कशाला बोला. पण थिएटरमधून निघताना मागची एक बाई नातवाला सांगत होती, "मुंजा असतेच रे, पिंपयावर असते." सामरी पाहून निघालेल्या कोणी असं म्हटल्याचं आम्ही ऐकलं नाही. जाता जाता हेही लक्षात घ्या की मुंजा म्हणजे मुंज झालेल्या ब्राह्मण मुलाचं भूत. समंधही तसाच. मेल्यावर देह सुटतो, जात सुटत नाही. भुतांचीसुद्धा चातुर्वर्ण्यात नोंद आहे.

आणि भूत राहतं कुठे? शिवेवर, मसणवाटीत, गावाबाहेरच्या पडक्या विहिरीजवळ. आपले आजे-पणजे कुठे राहत होते? तिथेच शेजारी. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम कोणाचं? मर्तिकाचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री परगावी जायचं काम कोणाचं? सरणाची लाकडं वाहायचं काम कोणाचं? गावकुसाच्या आतला माणूस ज्या अंधाराला भीत होता, त्या अंधारात आपला माणूस रोज पायी चालत होता, तोही भाकरीच्या तुकड्यासाठी. भीती हा गावकुसाच्या आतल्यांचा चोचला होता असं आम्ही म्हणणार नाही, कारण आपल्या घरातही भीती भरपूर होती. मरीआई होती, म्हसोबा होता, अंगात येणं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या हवेत दिल्या नाहीत. घराघरातून देव्हारे निघाले, ताईत तुटले. आमच्या आजीने तिच्या सासूच्या देखत शेंदराचा दगड नाल्यात टाकला. सासू रात्रभर रडली, आजी रात्रभर जागी राहिली, काही होईल म्हणून. काही झालं नाही. सकाळी उठून दोघी सरकी वेचायला गेल्या.

आता काकांची बाजू. त्या रात्री स्लॅबवर आम्हाला एक गोष्ट खटकली होती. सामरी आला, पोरं हसली. सामरीने डोळे वटारले, पोरं हसली. जगदीपचा मच्छरसिंग गब्बरची नक्कल करतो तिथे तर एक जण आडवाच झाला. आणि मग शंकराचा त्रिशूळ आला. मागे घंटा वाजल्या, पडद्यावर उजेड पडला, सामरी मागे सरकायला लागला. पोरं गप्प. पूर्ण गप्प. ज्या पोरांनी दोन तास एकही गोष्ट खरी मानली नाही त्यांनी त्रिशूळ मात्र खरा मानला.

तो त्रिशूळही त्याच प्रॉपवाल्याने बनवलेला, मित्रहो! ज्याने मुंडकं बनवलं त्यानेच, त्याच रंगाच्या डब्यातून. मग हसू तिथेच का थांबलं?

कारण या चित्रपटांत भूत कमी दर्जाचं बनवतात, देव कमी दर्जाचा बनवत नाहीत. भुतावर टिंगल चालते, देवावर नाही. चित्रपट तीन तास सांगतो की पोलीस कामाचा नाही, डॉक्टर कामाचा नाही, शहरातून शिकून आलेला 'मी असलं मानत नाही' म्हणणारा तरुण तर पहिल्या तासातच मरतो. शेवटी चालतो तो त्रिशूळ, कुठे ओम, कुठे क्रॉस. 'वीराना'तली चेटकीण घ्या, तिचा तो बाबा घ्या, अंगाला राख, केस मोकळे. वाईट शक्ती नेहमी जंगलातली, काळी, जटाधारी. चांगली शक्ती नेहमी देवळातली, स्वच्छ धुतलेली. काळी जादू खोटी पण पांढरी जादू खरी, असा हा सौदा आहे. हा सौदा झपाटलेल्या बाहुलीच्या मराठी विनोदी चित्रपटातही चालतो. १९९३ च्या 'झपाटलेला'तल्या तात्या विंचूला अख्ख्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याची नक्कल आम्ही शाळेत करत होतो. पण त्यातही बाबा चमत्कारचा मंत्र हा खराच निघतो. मंत्र खोटा निघाला तर गोष्टच पुढे जात नाही.

यावर कोणी म्हणेल, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेता. त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच तालुक्यातल्या एका गावात, नात्यातल्या एका घरी निरोप आला की पोरीला 'बाहेरचं' लागलं. पोरगी अठरा-एकोणीसची. आम्ही पोहोचलो तेव्हा घरासमोर चाळीस माणसं. आत पोरगी केस मोकळे सोडून गोल गोल मान फिरवत होती आणि घोगऱ्या आवाजात बोलत होती. हिंदीत. मित्रहो, त्या घरात हिंदी कोणी बोलत नाही. आजीला तर नांदगावच्या बाजारातल्या भाजीवाल्याची हिंदीही कळत नाही. आणि भूत सांगत होतं, "मैं किसी को नहीं छोडूंगी." माणसं एकमेकांना म्हणत होती, पाहा, पोरीला हिंदी कुठे येते, म्हणजे भूतच. आम्हाला मात्र त्याच क्षणी सगळं कळलं. मानेची ती गिरकी, ते डोळे, तो आवाज आम्ही ओळखत होतो. रविवारच्या दुपारी टीव्हीवर आम्ही तोच चित्रपट पाहिला होता.

पोरगी नाटक करत होती असं आम्ही म्हणत नाही. तिचं दुःख खरं होतं. तिचं शिक्षण तोडून लग्न ठरवलं होतं, आणि 'मला हे लग्न करायचं नाही' हे वाक्य त्या घरात बोलायची सोय नव्हती. भुताच्या तोंडून मात्र काहीही बोलता येतं. आपल्या आज्यांच्या काळात देवी अंगात येऊन सुना सासवांना चार शब्द सुनावत. आता देवीची जागा पडद्यावरच्या चेटकिणीने घेतली, एवढाच फरक. पण पुढे काय झालं ते ऐका. घरच्यांनी कोणा महाराजाला बोलावलं होतं. तो आला, त्याने मिरचीची धुरी दिली, केस धरून झोडपलं. वाईट शक्तीला चांगली शक्ती मारते, हे सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. चाळीस माणसं उभी होती, एकानेही हात धरला नाही. हीच ती त्रिशूळापुढची शांतता. चित्रपटात ती करमणूक असते, त्या घरात पोरीच्या पाठीवर वळ उठले.

आम्ही बापाला बाजूला घेतलं, कायद्याचं नाव काढलं. तोवर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आलेला होता. त्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, धुरी देणं, कोणाला करणी करणारा ठरवणं या त्यात बसतात. सहा महिने ते सात वर्षं कैद. हा कायदा सरकारने स्वतःहून दिला नाही. वर्षानुवर्षं मसुदा फिरत राहिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडलं, बाकीचे तिघे सुटले. बाप कायद्याला नाही, पण पोलिसांच्या गाडीला घाबरला. महाराजाला परत पाठवलं. अमरावतीला मानसोपचाराच्या ओपीडीत चार चकरा झाल्या, लग्न मोडलं, पोरगी आता नर्सिंग करते. तिनेच सांगितलं, लिहा म्हणून, नाव तेवढं टाकू नका.

आता आपल्या अंगणात येऊ. कारण दुसऱ्यांच्या त्रिशूळाला बोट दाखवणं सोपं असतं.

रामसे संपल्यावर पोरांनी हाँगकाँगच्या स्वस्त भयपटांकडे मोर्चा वळवला. तिथे १९८८ मध्ये 'कॅटेगरी थ्री' नावाचं प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आलं आणि रक्ताचा नुसता सडा पडला. त्यातला १९९३ चा 'द अनटोल्ड स्टोरी' आम्ही अर्ध्यात बंद करायला लावला. रक्तासाठी नाही. त्यात पोलीस विनोदी आहेत, चेष्टामस्करी करतात आणि कोठडीतल्या आरोपीला ठोकून काढतात. एक-दोघं हसले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जी धरपकड झाली, त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. त्याच्यासाठी नांदगावात मेणबत्त्या घेऊन याच पोरांनी फेरी काढली होती. आम्ही फक्त त्याचं नाव घेतलं. प्रोजेक्टर ज्याचा होता त्याने स्वतःच बटण दाबलं. त्या अभिनेत्याला, अँथनी वाँगला, या भूमिकेसाठी हाँगकाँगचा सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला होता, आणि चित्रपट कदाचित पोलिसांवरच बोट ठेवत असेल. तो वाद पुन्हा कधी.

त्याच्या जागी १९८३ चा 'द बॉक्सर्स ओमेन' लावला. शॉ ब्रदर्सचा, क्वेई चिह-हुंग दिग्दर्शक. एक हाँगकाँगचा माणूस भावाचा सूड घ्यायला थायलंडला जातो, तिथे मुंडन करून भिक्खू होतो आणि काळ्या जादूवाल्यांशी लढतो. रबराची वटवाघळं, चालणाऱ्या कवट्या, धडापासून सुटून उडणारं मुंडकं, खाऊन ओकलेलं पुन्हा खाणारे मांत्रिक. बघवत नाही आणि नजरही हटत नाही. पोरं नेहमीसारखी हसली. आणि मग चीवरातला भिक्खू मंत्र म्हणतो, अंगावर अक्षरं उमटतात, बुद्धमूर्तीतून उजेड येतो आणि दुष्ट मांत्रिक भस्म होतो.

पोरं पुन्हा गप्प!

एक लहान पोरगा, अकरावीतला, तेवढा बोलला. "दादा, हे तं तेच झालं ना. त्रिशूयाच्या जागी आपला बुद्ध." काय उत्तर देणार? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अधम्म म्हणजे काय ते सांगताना पहिल्याच प्रकरणात अलौकिकावरची श्रद्धा ठेवली आहे. घटनेला कारण असतं, ते माणसाने शोधावं, नाहीतर चौकसपणा मरतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. पुस्तकावर धूळ नाही, दरवर्षी वाचतो. आणि आपल्या मनगटावर काय आहे? परित्राण पाठाचा धागा. पाठाच्या वेळी मूर्तीसमोर पाण्याच्या बाटल्या उघडून ठेवतो आणि तापलेल्या पोराला ते पाणी पाजतो. नवीन गाडीवर भन्तेजींचा हात फिरवून घेतो. घराची नजर उतरत नाही म्हणून महापरित्राण ठेवणारे आपल्यात नाहीत? मैत्रीची, एकत्र येण्याची खूण म्हणून धागा बांधला तर आमची हरकत नाही. पण धागा तुटला की ज्याच्या पोटात गोळा येतो त्याने स्वतःला विचारावं की आपण ताईत तोडला की नुसता त्याचा रंग बदलला. काकांच्या मनगटावरही धागा आहे. हे आम्ही त्यांच्यासमोर बोललो. त्यांना राग आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही.

तरीही चित्रपट बंद करा हे त्यांचं म्हणणं आम्हाला मान्य नाही. 'पुराना मंदिर'च्या श्रेयनामावलीत सदाशिव अमरापूरकर आहेत. तेच अमरापूरकर पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीसोबत उभे राहिले. माणूस सामरीच्या चित्रपटात काम करून विवेकाकडे येऊ शकतो, तर आमची पोरं तो पाहून का येणार नाहीत? आपल्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी कीर्तनाची चौकट मोडली नाही. तीच चौकट, तोच टाळ, तीच गर्दी, आणि मध्येच देवालाच प्रश्न. लोक हसायचे आणि घरी जाऊन कोंबडं कापायचं थांबायचे.

भयकथा आपल्याला नकोच, असंही नाही. अण्णा भाऊ साठेंची 'स्मशानातील सोनं' वाचा. मसणवाट आहे, रात्र आहे, उकरलेलं प्रेत आहे, कोल्ह्यांशी झुंज आहे, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं आहेत. वाचताना अंगावर काटा येतो. भूत मात्र कुठेच नाही. भीमा मढी उकरतो कारण खाण बंद पडली आहे. बोटं गमावून घरी पडतो तेव्हा खाण पुन्हा सुरू झाल्याचं कळतं. हे आम्ही स्लॅबवर वाचलं, टॉर्चच्या उजेडात. त्या रात्री कोणी हसलं नाही. आणि त्या गप्प बसण्याचं कारण त्रिशूळापुढच्या शांततेहून वेगळं होतं, हे सगळ्यांना न सांगता कळलं.

तर पुढचा खेळ कार्तिक पौर्णिमेनंतरच्या शनिवारी आहे. पुन्हा 'पुराना मंदिर'च. या वेळी रिमोट त्या अकरावीतल्या पोराकडे राहील. त्रिशूळ आला की तो चित्र थांबवणार आणि प्रत्येकाने त्या थांबलेल्या चित्रात प्रॉपवाला शोधून दाखवायचा. त्यानंतर नारळ पेटवायचा प्रयोग. ग्लिसरीन मेडिकलमधून आणलं आहे, परमँगनेट अमरावतीहून येईल. पोरींनाही बोलावलं आहे, स्लॅबवर नाही तर विहाराच्या अंगणात, म्हणजे घरचे सोडतील. काकांना निमंत्रण द्यायला आम्ही स्वतः गेलो. खाटेवर बसून ऐकून घेतलं, मनगटावरचा धागा दुसऱ्या हाताने फिरवत राहिले. मग म्हणाले, "येतो. पण लाईट बंद कराचा नाही, सांगून ठेवतो."